माहितीची नवी व्यवस्था आणि गावातील संस्था

विविध कार्यकारी सोसायटी, दूध संस्था, ग्रामपंचायत, तलाठ्याचे कार्यालय, शेतकरी उत्पादक कंपनी अशा गावातील बहुतेक सर्व संस्थांच्या कामात आता संगणक अथवा मोबाईल शिरलेला आहे. यंत्र आले की काम जलद होते, एवढेच त्याविषयी सामान्यतः सांगण्यात येते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. नोंदीची पद्धत बदलली की ती नोंद करणारा माणूस बदलतो, ती प्रथम कोणास कळते हे बदलते, चूक झाल्यास जाब कोणास विचारावयाचा हेही बदलते. आणि मग संस्थेचे नाव व पाटी तीच राहिली तरी आतील कारभार निराळा होतो. हा बदल कसा घडतो हे समजून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे, कारण त्याचा लाभ अथवा तोटा अखेर त्याच्याच खात्यावर पडत असतो.

व्यवसाय-व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांतून माहिती-प्रणाली हा एक स्वतंत्र विषय शिकविला जातो. पुणे येथील वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणी कृषी-व्यवसायाचे विद्यार्थी तयार होतात, त्यांनाही तो शिकावा लागतो. परंतु ज्यांना त्याची खरी गरज आहे, ते गावातील संचालक, सचिव आणि सभासद अशा वर्गात कधी बसत नाहीत. २००२ च्या कायदादुरुस्तीने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापन करण्याची मुभा मिळाली. पुढे २०२० साली केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना आखली आणि गावोगावी अशा कंपन्या निघाल्या. त्यांच्या संचालकांपुढे आज तोच प्रश्न आहे, जो मोठ्या कारखान्याच्या व्यवस्थापकापुढे असतो. तो त्यांना समजावून देण्याचे काम ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस करावयाचे आहे. त्यासाठी परदेशी कारखान्यांची उदाहरणे आणण्याचे कारण नाही. उदाहरणे आपल्या दारात आहेत.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करावा. माहिती-प्रणाली म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे संगणक येतो. वस्तुतः कोणी तरी पाहतो, कोणी तरी लिहितो, ते लिहिलेले कोठे तरी पोहोचते, तेथे त्याची बेरीज-वजाबाकी होते, त्यावरून कोणी तरी निर्णय घेतो आणि त्या निर्णयाचे उत्तर मूळ माणसाकडे परत येते. ही सर्व साखळी मिळून प्रणाली होते. या अर्थाने पटवाऱ्याचे दप्तर हीही एक प्रणालीच होती, आणि ते दप्तर लाल फडक्यात बांधून ज्याच्या घरी असे त्याचे गावात काय वजन होते, हे जुन्या माणसांना सांगावयास नको. यंत्र हा साखळीतील केवळ एक दुवा आहे. तो दुवा बदलला की बाकीच्या दुव्यांवर ताण येतो, आणि शिकविण्याचा विषय नेमका तो ताण हाच आहे.

दूध संस्थेचे उदाहरण सर्वांस चटकन पटते. पूर्वी दुधाचे माप लिटरने होत असे. नमुना बाटलीत काढून ठेवीत आणि स्निग्धांशाची परीक्षा सचिव सवडीने करीत असे. कोणाच्या दुधास किती फॅट लागली हे दहा दिवसांनी पगारपत्रक निघाल्यावर कळे. त्या दहा दिवसांत म्हशीची पेंड कमी झाली, दुधात पाणी पडले की परीक्षाच चुकली, हे कोणास सांगता येत नसे. संशय मात्र वाढत असे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील सहकारी दूध संस्थांनी १९९० नंतरच्या दशकात वजनकाटा, फॅट मोजण्याचे यंत्र आणि संगणक यांची जोडणी केली. दूध ओतले की वजन, फॅट आणि होणारी रक्कम त्याच क्षणी पाटीवर दिसू लागली आणि पावती हाती पडू लागली. पुढे ही पद्धत महाराष्ट्रातही पसरली.

या बदलाने रांग कमी झाली हे उघड आहे. त्याहून मोठा बदल असा की, फॅटचा आकडा ठाऊक असणारा सचिव हा एकटा माणूस उरला नाही. रांगेत उभ्या असलेल्या बाईला तिच्या दुधाचा आकडा त्याच वेळी कळू लागला. काल ढेप दिली नव्हती आणि आज फॅट उतरली, असा हिशेब ती स्वतः मांडू लागली. म्हणजे जनावराच्या खाद्याविषयीचा निर्णय घेण्याची शक्ती गोठ्यापर्यंत आली. सचिवाचा मान थोडा उतरला, पण त्याच्यावरील संशयही उतरला. दुसरीकडे एक नवी जबाबदारी उत्पन्न झाली, ती म्हणजे यंत्र अचूक आहे किंवा नाही हे पाहण्याची. पूर्वी सचिवाशी भांडता येत असे. यंत्राशी कसे भांडणार? म्हणून ज्या संस्थेने यंत्र बसविले पण ते सर्वांसमक्ष तपासून घेण्याचा दिवस ठरविला नाही, तेथे जुना संशय नव्या पेटीत जाऊन बसला, असे समजावे.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याच्या सात-बाराकडे वळू. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची हे असते, आणि नमुना बारामध्ये त्या जमिनीत कोणते पीक, किती क्षेत्रावर, कोणत्या पाण्यावर उभे आहे हे असते. मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या काळचे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक जमिनीच्या वादात आजही पुरावा म्हणून काढले जाते. सत्तर वर्षांपूर्वी पटवाऱ्याने बांधावर उभे राहून, अथवा न राहता, जे लिहिले ते आजच्या नातवाच्या पदरात पडते, इतकी नोंदीची शक्ती मोठी आहे. पीक पाहणीचे हे काम महाराष्ट्रात पुढे तलाठ्याकडे राहिले. एका तलाठ्याकडे अनेक गावे आणि प्रत्येक गावी शेकडो गट नंबर. अशा स्थितीत प्रत्येक बांधावर जाणे त्यास अशक्य असे. मागील वर्षाचे पीक पुढील वर्षी उतरविले जाण्याचा अनुभव शेतकऱ्यांना आहे. कापूस मोडून मोसंबी लावली तरी उताऱ्यावर कापूसच डोलत असे.

सात-बारा संगणकावर आणण्याचे काम अनेक वर्षे चालले. त्यात जुन्या वहीतील चुका तशाच उतरल्या आणि काही नव्याने पडल्या. म्हणून २०१७ साली गावोगावी चावडी वाचन करण्यात आले. संगणकातील उतारे लोकांना वाचून दाखविले गेले आणि चुकांच्या दुरुस्तीस जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ चा आधार घेण्यात आला. या गोष्टीकडे प्रशिक्षकाने मुद्दाम लक्ष वेधावे. संगणकाचे काम तपासण्यासाठी शेवटी चावडीवर माणसे गोळा करून मोठ्याने वाचावे लागले! १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सहीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. फेरफाराचेही तसेच झाले. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती परस्पर तलाठ्याच्या संगणकावर येते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. फेरफार धरण्यासाठी अर्ज घेऊन हेलपाटे घालण्याचा टप्पा या साखळीतून गळाला. हरकतीचे पंधरा दिवस मात्र तसेच राहिले, आणि ते राहिलेच पाहिजेत, कारण ते दिवस यंत्रासाठी नसून बहिणीच्या, भावाच्या, सामायिक हिस्सेदाराच्या हक्कासाठी आहेत. जलद होणे सर्वच ठिकाणी इष्ट नसते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि येथे साखळीचा पहिलाच दुवा बदलला. नोंद करणारा आता तलाठी नसून स्वतः शेतकरी आहे. त्याने आपल्या शेतात उभे राहून मोबाईलवर पीक, क्षेत्र आणि पाण्याचे साधन भरावयाचे आणि पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे. तलाठी ठरावीक नोंदींची तपासणी करतो. लिहिणारा तपासणारा झाला, आणि ज्याच्याविषयी लिहिले जात असे तो लिहिणारा झाला. तलाठी या पदाचे नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे करण्यात आले; परंतु माझ्या मते या पदाचे स्वरूप नावापेक्षा ई-पीक पाहणीनेच अधिक बदलले.

शेतकऱ्याच्या हाती लेखणी आली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण लेखणीबरोबर जबाबदारीही आली. पूर्वी उताऱ्यावर पीक चुकले तर 'तलाठ्याने लिहिले नाही' असे म्हणता येई. आता तो आधार गेला. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना राज्य शासनाने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे ठरविले तेव्हा लाभार्थी निवडताना प्रथम ई-पीक पाहणीची नोंद धरण्यात आली. ज्यांच्या शेतात कापूस होता पण मोबाईलवर नव्हता, ते यादीबाहेर राहिले. पुढे सात-बारावर पिकाची नोंद असलेल्यांनाही सामावून घेण्यात आले, तेव्हा कोठे त्यांचा प्रश्न सुटला. कापूस शेतात होता, बोंडे फुटलेली होती, वेचणीची मजुरीही दिलेली होती. परंतु प्रणालीच्या दृष्टीने तो कापूस नव्हताच. ज्या संस्थेचा निर्णय नोंदीवर चालतो, त्या संस्थेला केवळ नोंदलेलेच दिसते. विद्यार्थ्यांना हे तत्त्व शिकविण्यास गेवराईच्या शिवाराइतका चांगला वर्ग दुसरा नाही.

आमच्याकडे कापसात तुरीच्या ओळी घालण्याची जुनी रीत आहे. नमुना बारामध्ये मिश्र पिकासाठी वेगळे रकाने आहेत. ते कोणा तरी विचारी माणसाने शेती पाहूनच ठेवले असले पाहिजेत. मोबाईलवरही मिश्र पिकाचा पर्याय आहे, पण घाईत पुष्कळ जण मुख्य पीक म्हणून कापूस निवडतात आणि पुढे जातात. त्याचा परिणाम डिसेंबर-जानेवारीत कळतो. तूर हमीभावाने घालावयाची म्हणून खरेदी केंद्रावर नोंदणीस गेले की उताऱ्यावर तूर मागतात. ती उताऱ्यावर नसते. पोत्यात तूर आहे, हातात तूर आहे, आणि कागदावर तूर नाही. मग ती बाजारात मिळेल त्या भावाने जाते. एका रकान्याची किंमत क्विंटलमागे शेकडो रुपयांत मोजावी लागते ती अशी.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. रब्बीच्या पीक पाहणीची मुदत सर्वसाधारणपणे डिसेंबर-जानेवारीत येते. शेतात उभे राहून छायाचित्र घ्यावे हा नियम खोट्या नोंदी टाळण्यासाठी योग्यच आहे. परंतु त्या वेळी खातेदार सांगलीच्या किंवा कोल्हापूरच्या फडात उभा असतो. गावी म्हातारी आई आणि ज्वारीचे पीक. नियम करताना 'शेतकरी शेतात असतो' असे गृहीत धरले गेले, आणि आमच्या भागात ते गृहीत अर्धे वर्ष खोटे ठरते. शेतकऱ्यांकडून राहिलेल्या नोंदी करण्यासाठी गावपातळीवर सहायकांची सोय करण्यात आली आहे, ती याच अडचणीवर उपाय म्हणून उपयोगात आणावयास हवी. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी टोळ्या गाव सोडण्यापूर्वीच अशा खातेदारांची यादी करून सहायकाच्या हाती द्यावी. ही यादी कोणत्याही संगणकात तयार मिळणार नाही. ती मुकादमाकडे आणि शाळेच्या गुरुजींकडे मिळेल.

पीकविम्याचा अनुभव याला जोडूनच सांगितला पाहिजे. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने केवळ एक रुपया भरून विमा उतरविण्याची सोय होती. अर्जांची संख्या अफाट वाढली, आणि त्यांत बनावट अर्जही निघाले. दुसऱ्याच्या अथवा शासनाच्या जमिनीवर, पीक नसलेल्या क्षेत्रावर विमा उतरविल्याची प्रकरणे राज्यात अनेक ठिकाणी उघडकीस आली आणि त्यांत बीड जिल्ह्याचे नाव वारंवार आले. शासनाने २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद केली आणि विम्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक व ई-पीक पाहणी बंधनकारक केली. यात अप्रामाणिकपणाचा दोष आहेच. तथापि अभ्यासकाने आणखी एक गोष्ट पाहावी. विम्याची वही एकीकडे, जमिनीची दुसरीकडे आणि पिकाची तिसरीकडे, आणि या तिन्ही वह्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. दुकानदार आपली खतावणी आणि रोजमेळ रोज ताडून पाहतो, तेव्हाच त्याला चोरी सापडते. वह्या ताडण्याचे काम कोणाचे, हे कोठेच लिहिलेले नसेल तर प्रणाली कितीही महागडी असली तरी तिच्यात वाट फुटतेच. आता वह्या जोडल्या गेल्याने खोटी नोंद सहजासहजी टिकत नाही. त्याचबरोबर एका वहीतील साधी चूकही सर्व वह्यांत पोहोचते. नावातील एका अक्षराचा फरक पूर्वी एकाच कार्यालयात आडवा येई, आता तो विमा, अनुदान आणि खरेदी या तिन्ही ठिकाणी वाट अडवितो.

येथवर शासकीय व्यवस्थेची उदाहरणे झाली. सहकारी संस्थेने स्वतः होऊन अशी व्यवस्था उभारल्याचे महाराष्ट्रातील गाजलेले उदाहरण म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या तेथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र शासनाचा, चाळीस टक्के राज्य शासनाचा आणि दहा टक्के वारणा समूहाचा होता. गावोगावी ५४ माहिती केंद्रे निघाली. बाजारभाव, पिकांचा सल्ला, शासकीय योजना, रोजगार अशी सर्व माहिती खेड्यात मिळावी, असा मोठा संकल्प होता. त्या काळी देशभर त्याची चर्चा झाली.

काही वर्षांनी पाहणी करणाऱ्यांस असे आढळले की, या केंद्रांचा खरा उपयोग कारखान्याच्या नित्य व्यवहारासाठी होत आहे. शेतकरी येत, ते उसाचे वजन किती भरले, तोडीचा परवाना निघाला किंवा नाही, खत किती उचलले, खात्यावर किती जमा झाले हे विचारण्यासाठी. बाकीचा संकल्प मागे पडला होता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन केंद्रातील मंडळींनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. केंद्रातील संगणक बाजूस ठेवून तेच काम साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने होते का, ते पाहिले. ते झाले, कमी खर्चात झाले आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीचे वाटले. २००७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि हे उदाहरण आता देशोदेशीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

वारणेचा प्रकल्प फसला असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ऊस, वजन, खत आणि पैसा यांचा व्यवहार तेथे आधीच शिस्तीने चालत होता. प्रश्न कोण विचारणार आणि उत्तर कोण देणार हे ठरलेले होते, आणि उत्तर न मिळाल्यास शेतकरी गट कार्यालयात जाऊन आवाज चढवू शकत होता. अशा ठिकाणी यंत्राने काम हलके केले. बाजारभावाची किंवा पीक-सल्ल्याची माहिती रोजच्या रोज ताजी करणे हे मात्र कारखान्यातील कोणाच्याही रोजच्या कर्तव्यात बसणारे काम नव्हते. ज्या माहितीस संस्थेत धनी नाही, ती माहिती यंत्रात घातली तरी शिळी होते. यापुढे ज्या कोणास शेतकरी कंपनीसाठी नवे ॲप घ्यावयाचे असेल, त्याने पैसे देण्यापूर्वी वारणेचा इतिहास समजून घ्यावा.

अशी एक कंपनी कल्पनेने घेऊ. गेवराई तालुक्यातील आठ-दहा गावांचे तीनशे सभासद आहेत. तूर आणि सोयाबीन एकत्र करून विकतात. सध्या व्यवस्थापक वहीत लिहितो: नाव, पोती, वजन, ओलावा, कटती. संध्याकाळी ती वही तो घरी नेतो. भाव कोणास किती लागला हे त्याला आणि अध्यक्षांना ठाऊक असते. आता कंपनीने काट्याला जोडलेली मोबाईलची व्यवस्था घेतली. वजन होताच सभासदाला संदेश जातो. पहिल्या आठवड्यातच काय होते ते पाहावे. ओलाव्याची कटती दोघांना वेगळी का लागली, हा प्रश्न काट्यावरच उभा राहतो. पूर्वी तो वार्षिक सभेपर्यंत झाकून राहत असे. व्यवस्थापकाला आता ओलावा अंदाजाने लिहिता येत नाही, म्हणून ओलावा मोजण्याचे यंत्र घ्यावे लागते. रोज किती माल आला हे संचालकांना घरबसल्या कळते, तेव्हा 'आजच विका' आणि 'थांबा' असे दोन तट पडतात, आणि विक्रीचा निर्णय कोणी घ्यावयाचा याचा ठराव, जो कधी झालाच नव्हता, तो करावा लागतो. हमालाला मात्र काहीच फरक पडत नाही. पोते तेवढेच जड राहते. यंत्र आणले एक आणि संस्थेत करावे लागले चार बदल. जे संचालक हे चार बदल करण्यास राजी नसतात, ते थोड्याच दिवसांत यंत्र गोणपाटाखाली झाकून पुन्हा वही काढतात आणि 'आमच्याकडे नेट चालत नाही' असे सांगतात.

हे शिकविताना पडद्यावर चित्रे दाखवू नयेत, असे माझे मत आहे. प्रशिक्षणार्थींना एक पावती द्यावी आणि तिचा माग काढण्यास सांगावे. ती कोणी फाडली, तिची दुसरी प्रत कोठे गेली, तो आकडा पुढे कोणत्या वहीत चढला, त्यावरून कोणी काय ठरविले, शेतकऱ्याकडे परत काय आले, हे जमिनीवर खडूने काढावे. मग त्याच चित्रात मोबाईल आणून ठेवावा आणि विचारावे की आता कोणाचे काम कमी झाले आणि कोणाचे वाढले; पूर्वी प्रथम कोणाला कळत असे, आता कोणाला कळते; वीज गेली किंवा रेंज नसली तर या रेषेचे काय होते. गोदाकाठच्या एखाद्या गावात रेंज नसते ही सबब नसून ती मांडणीतच धरावयाची गोष्ट आहे, हे या वेळी आपोआप लक्षात येते. स्त्री-सभासदांना या चित्रापाशी अवश्य पुढे बसवावे. घरातील मोबाईल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो; शेअर तिच्या नावाचा आणि संदेश त्याच्या खिशात, असे झाले तर तिच्या दृष्टीने नवी व्यवस्था जुन्या वहीपेक्षाही दूर जाते. नोंदणी करताना प्रत्येक बाईला तिचा स्वतःचा क्रमांक विचारावा, आणि नसल्यास तिची छापील पावती चालू ठेवावी.

राहिली दप्तराची गोष्ट. बहुतेक लहान कंपन्यांत संगणकाचे काम एखाद्या तरुण मुलाकडे असते. पासवर्ड त्याच्या डोक्यात, नोंदी त्याच्या मोबाईलमध्ये आणि सरकारी संकेतस्थळावरून येणारे परवलीचे अंक त्याच्याच क्रमांकावर. तो पुण्याला नोकरीस गेला की कंपनीचे सर्व व्यवहार अडतात. पटवाऱ्याचे दप्तर एके काळी त्याच्या घरी असे, तसेच हे झाले. फक्त लाल फडके दिसत नाही. म्हणून कंपनीच्या नावाचा स्वतंत्र मोबाईल क्रमांक घ्यावा. तो कार्यालयात राहावा. पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्ष व एक संचालक यांच्या सहीने तिजोरीत ठेवावा आणि माणूस बदलला की त्याच दिवशी बदलावा. दर शनिवारी नोंदींची एक प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवावी, आणि हंगामात रोजच्या वजनाचा गोषवारा कागदावर छापून काट्याजवळच्या फळ्यावर लावावा.